कायद्याच्या वर्गात शिकवायला कोण उभं राहतं?

(म्हसवड येथे झालेल्या महासंघाच्या कायदा साक्षरता शिबिरात आपल्या क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या गटांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत एखादीनं मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आपल्या शिबिरात कायदा सांगायला वकील येतात. वारस नोंद कशी करायची, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं, घरात मारहाण झाली तर कुठं जायचं, हे सगळं ते सांगतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण दरवेळी सांगणारे ते आणि ऐकणाऱ्या आपण. म्हणून आज मी जरा उलटा प्रश्न घेऊन आलेय. हे वकील जिथं तयार होतात, त्या लॉ कॉलेजात शिकवायला कोण उभं राहतं? जंगलात राहिलेलं, मेंढरांमागं फिरलेलं, रोजगार हमीवर खडी फोडलेलं माणूस तिथं फळ्यासमोर उभं राहतं का? आणि नाही राहिलं, तर आपलं काय बिघडतं?

काय बिघडतं ते आधी सांगते. आपल्याच राज्यातली, गडचिरोलीकडची गोष्ट आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब, अनाथ आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा खटला म्हणून तो देशभर ओळखला जातो. नागपूरच्या उच्च न्यायालयानं पोलिसांना शिक्षा दिली. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती असावी.

आता तुम्हीच सांगा. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दार बंद, समोर वर्दी. मजुरी करून खाणारी कोवळी पोर. ती ओरडेल कशी? हे समजायला पदवी लागते का? इथं बसलेल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की भीतीनं वाचा बसते आणि वाचा बसली म्हणजे होकार दिला असं होत नाही. पण न्यायालयात हे सांगणारं कोणी नव्हतं.

पुढं १९७९ साली दिल्ली आणि पुण्याच्या चार कायदा शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावं. गप्प राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना असा अत्याचार झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं बाईनं कोर्टात सांगितलं, तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालायचं, अशी तरतूद आली.

त्या चौघांचे उपकार आहेतच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लॉ कॉलेजांत मथुरा खटला शिकवला जातो. म्हणजे आदिवासी मुलगी वर्गात पोहोचली, पण खटला म्हणून पोहोचली. फळ्यासमोर उभी राहून 'आमच्याकडं हे असं असतं' असं सांगणारी शिक्षक म्हणून ती पोहोचली नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो फरक आपल्या जिल्ह्यानं एकदा पाहिला आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. भीमराव आंबेडकर. शाळेत या मुलाला वेगळं बसवत, पाण्याला हात लावू देत नसत. हाच मुलगा १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला. आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात कोकणातली खोती मोडायचं विधेयक त्यांनी मांडलं. जे सोसलं ते कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं, हे त्यांना येत होतं. सोसणं आणि कायदा, दोन्ही ज्याच्या हातात आहे, असा माणूस वर्गात उभा राहिला की वर्ग बदलतो आणि पुढं कायदाही बदलतो.

आता थोडं लांब, कॅनडाला जाऊन येऊ. लांबची गोष्ट असली तरी ती आपल्याला जवळची वाटेल. तिथं गित्क्सान नावाचा आदिवासी समाज आहे. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमची आहे, असा दावा त्यांनी आणि शेजारच्या समाजानं मिळून सरकारवर केला. १९८७ साली सुनावणी सुरू झाली. सातबारा नाही, खरेदीखत नाही. मग पुरावा काय? त्यांच्यात प्रत्येक घराण्याची गाणी असतात आणि कोण कुठून आलं, कुठली जागा कुणाची, हे त्या गाण्यांत असतं. मेरी जॉन्सन नावाच्या एका वृद्ध प्रमुख बाईंनी कोर्टात उभं राहून आपल्या घराण्याचं गाणं म्हटलं. न्यायाधीशांना ते पटेना. गाणं ऐकून आपल्याला काही कळायचं नाही, असा त्यांचा सूर होता. १९९१ साली निकाल विरोधात गेला.

पण लोकांनी सोडलं नाही. ११ डिसेंबर १९९७ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडी चालत आलेला इतिहासही पुरावा आहे, त्याला कागदाच्या बरोबरीनं वजन द्यायला हवं. त्यांनी नव्यानं सुनावणी घ्यायला सांगितली.

आणि पुढचा भाग माझ्या विषयाचा. २०१८ साली त्याच देशात व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलनं एक नवीन अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मुलं देशाचा कायदा शिकतात आणि आदिवासी समाजांचे स्वतःचे कायदेही शिकतात. शेवटी दोन्हींची पदवी मिळते. हा अभ्यासक्रम उभा करण्यात जॉन बॉरोज आणि व्हॅल नेपोलियन हे कायद्याचे दोन प्राध्यापक पुढं होते. दोघंही आदिवासी समाजातले. मुलांना पुस्तकाबाहेर, प्रत्यक्ष त्या समाजांत जाऊन शिकावं लागतं. एका आजीचं गाणं कोर्टाला कळलं नव्हतं. आता तसं गाणं कसं ऐकायचं, हे उद्याच्या वकिलांना शिकवलं जातंय.

आपल्याकडं अजून इतकं झालेलं नाही. पण सुरुवात करणारी माणसं आहेत. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातले ॲड. लालसू नोगोटी हे माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. पुण्याला जाऊन कायदा शिकले आणि पुण्यात न राहता परत आपल्या भागात गेले. ग्रामसभांबरोबर काम केलं आणि २०१७ साली जिल्हा परिषदेवर निवडून आले. याचं मोल काय, ते विचार केला की कळतं. माडिया बोलणारी आजी आपलं दुःख माडियातच सांगणार. ते मराठीत जाणार, मग इंग्रजीत जाणार, मग कागदावर येणार. प्रत्येक वळणावर थोडं थोडं सांडतं. तिची भाषा आणि कायद्याची भाषा दोन्ही येणारा माणूस मध्ये असला की सांडायचं थांबतं.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, 'पोरी, हे गडचिरोलीचं आणि कॅनडाचं झालं. माणदेशाचं काय?' बरोबर आहे, तिकडंच येतेय.

आपल्या कितीतरी गटांतल्या बायकांची घरं मेंढपाळाची. घोड्यावर बिऱ्हाड टाकून वाडा बाहेर पडतो. कुठल्या गावच्या शिवारात मेंढरं बसवायची, कुठल्या ओढ्याला पाणी असतं, कुठल्या रानात कधी चारा येतो, हे सासूनं सुनेला सांगितलेलं असतं. कागदावर यातलं काहीच नाही. वनजमिनीवर मेंढरं गेली की अडवणूक होते, दंड भरावा लागतो, आणि आपण गुपचूप भरतो. कारण आपल्याला वाटतं, आपलीच चूक असणार.

आता नीट ऐका. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३ मध्ये वनजमिनीवर चराईचा हक्क मान्य केला आहे, आणि भटक्या, मेंढपाळ समाजांचा हंगामी वापराचा हक्क असा स्पष्ट शब्दांत त्यात लिहिला आहे. हा कायदा फक्त आदिवासींना नाही. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान्‌पिढ्या वनावर अवलंबून आहेत, त्यांनाही तो लागू आहे. अट कडक आहे, तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. आणि तो वनजमिनीपुरता आहे, गायरान त्यात येत नाही. पण पुरावा म्हणून काय चालतं? नियम १३ बघा. वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं चालतात. पारंपरिक चराईच्या जागा, पाण्याच्या जागा या सामूहिक हक्काच्या पुराव्यात धरल्या जातात. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. आणि नियम १२ म्हणतो, की मेंढपाळांच्या दाव्याची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळीच करायची. वाडा बाहेर गेलेला असताना पडताळणी उरकून 'कोणी हजर नव्हतं' असं लिहिता येत नाही.

म्हणजे इथं बसलेल्या आज्यांच्या डोक्यात जे आहे, तो पुरावा आहे. पण कुठली वाट कोणत्या कलमात बसते, हे सांगायला असा वकील लागतो ज्याला 'वाडा' म्हटल्यावर पुण्यातला वाडा आठवत नाही, मेंढरांचा आठवतो. असा वकील आपल्याच घरातून यायला हवा.

आणि हे म्हसवडला अशक्य वाटायचं कारण नाही. याच गावात १९९७ साली बायकांची बँक उभी राहिली. पहिला अर्ज परत आला होता, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो. हिशेब त्यांना आधीपासून येतच होता. कागद मागून आला.

तर माझी तीन कामं आहेत तुमच्याकडं.

पहिलं. प्रत्येक गटानं येत्या दोन बैठकांत आपल्या सगळ्यात वयस्कर दोन आज्यांना बोलतं करावं. कुठं चाराई होती, कुठल्या साली दुष्काळात कुठं गेलो, वाटेत कुठं देव, कुठं पाणी. गटातल्या शिकलेल्या मुलीनं ते वहीत उतरवावं. तारीख घालावी आणि आजीचा अंगठा किंवा सही घ्यावी. गडचिरोलीच्या मेंढा गावात अभ्यासगट करून लोक एकत्र बसून कायदा समजून घेत गेले, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. सुरुवात बोलण्यापासूनच झाली.

दुसरं. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. लॉ कॉलेजांतही मोफत सल्ला केंद्रं चालतात. तिथली मुलं शिबिराला आली तर नुसतं ऐकू नका, त्यांना शिकवा. त्यांना वाड्यावर घेऊन जा. मेंढरं कशी बसवतात, त्याचा मोबदला कसा ठरतो, भांडण झालं तर कोण मिटवतं, हे दाखवा. तो त्यांचा तास आहे आणि शिक्षक तुम्ही आहात. तुमच्यातल्या कुणाला आवड असेल तर विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून अर्जही करता येतो, त्यासाठी वकील असावं लागत नाही.

तिसरं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बारावीनंतर मुलीला काय करायचं, यावर घरात डी.एड., नर्सिंग आणि लग्न एवढ्याच गोष्टी निघतात. त्यात लॉ घाला. बारावीनंतर पाच वर्षं, किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं. त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते. २०२४ पासून राज्य सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. आपल्या मुलीच्या प्रवर्गाला आणि त्या कॉलेजला ही सवलत लागू आहे का, हे मात्र प्रवेशाआधी विचारून घ्या. फॉर्म भरायला मी आहे, ऑफिसात या.

गटाचं कर्ज आपण शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो. एखाद्या मुलीच्या सीईटीच्या क्लाससाठी आणि एसटीच्या पाससाठी देऊन बघा. ती शिकून वकील होईल. कदाचित एखाद्या दिवशी लॉ कॉलेजच्या फळ्यासमोर उभी राहील आणि पोरांना सांगेल, 'लिहून घ्या, माझी आजी पुराव्याबद्दल काय सांगायची ते.'

 आता बोलायची पाळी तुमची. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.