वकिलात कशासाठी?



आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात नोकरीस आहे. जाताना त्याच्या बॅगेत आपण लोणचे-पापड भरतो. वकिलातीचा पत्ता मात्र क्वचितच देतो.

'वकील' म्हटले की आपल्याला कोर्ट आठवते. पण पेशव्यांचे वकील दिल्ली-हैदराबादच्या दरबारी राहत ते राज्याचे प्रतिनिधी म्हणून. आजचा राजदूत तेच काम करतो. सौदी अरेबियात आपली वकिलात राजधानी रियाधला आहे. जेद्दाला कौन्सुलेट आहे. हाजींची व्यवस्था तिच्याकडे असते.

वकिलातीच्या आवारात तेथील पोलीस तिच्या प्रमुखाच्या परवानगीवाचून शिरू शकत नाहीत. म्हणून ती जमीन भारताची, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही.

तुमच्या-आमच्या उपयोगाचा आहे तो १९६३ चा व्हिएन्ना करार. त्याच्या ३६ व्या कलमान्वये परदेशात अटक झालेल्या माणसाने मागणी केली, तर पोलिसांनी विनाविलंब त्याच्या देशाच्या कौन्सुलेटला कळवले पाहिजे. तेथला अधिकारी त्याला तुरुंगात भेटू शकतो, वकील देण्याची व्यवस्था करू शकतो. सुटका करणे त्याच्या हाती नाही. कायदा त्या देशाचाच चालतो.

'मागणी केली तर' हे शब्द ध्यानात घ्या. घाबरलेला, भाषा न कळणारा मुलगा नेमकी तीच करीत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी त्याला हे सांगा. त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, आणि तिच्याच पाठीवर वकिलातीचा फोन नंबर लिहून ठेवा.