मोठ्या इव्हेंट कंपनीतली नोकरी
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली जव्हार-मोखाड्याची काही मुले मुंबईत इव्हेंटच्या कामाला जाऊ लागली आहेत. त्यांच्या शिक्षणाचा खर्च तुमच्यापैकी अनेकांनी उचलला आहे, त्यामुळे ‘हे काम बरे का?’ असे तुम्ही विचारता ते योग्यच आहे. मी अशा एका मोठ्या कंपनीच्या प्रॉडक्शन विभागात नऊ वर्षे काढली. कंपनीचे नाव घेत नाही. जे सांगणार आहे ते बहुतेक ठिकाणी सारखेच आहे.

आधी चांगले सांगतो. रात्री दहाला रिकामा हॉल ताब्यात मिळतो आणि सकाळी दहाला पाहुणे दारात असतात. तेवढ्या वेळात स्टेज, ट्रस, लाइट, एलईडी वॉल, जनरेटर, सगळे उभे राहते. कोणती केबल किती भार घेते, अर्थिंग का तपासायचे, वेळ कशी पाळायची हे मुलगा तिथे दोन हंगामांत शिकतो. गावच्या मंडपवाल्याकडे ते शिकायला मिळत नाही. पगार खात्यात जमा होतो. पीएफसाठी मुलाचे १२ टक्के कापले जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. त्यात मुलाचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन, आणि मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. मोखाड्याच्या घरात हे फार मोठे आहे.

पण हे सगळे कंपनीच्या हजेरीपटावर असलेल्यांसाठी. आमच्या एखाद्या शोला तीनशे माणसे राबत. त्यांतली चाळीससुद्धा कंपनीची नसत. लाइटवाला, साउंडवाला, सुतार, लोडर, हाउसकीपिंग, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, आणि ठेकेदाराखाली मुकादम. अंगातल्या टी-शर्टवर मोठ्या कंपनीचे नाव असते, पैसे मात्र मुकादम देतो. कंपनी ठेकेदाराचे बिल दोन-तीन महिन्यांनी काढायची, म्हणजे मुलाच्या हातात पैसे कधी पडत असतील याचा अंदाज करा. गावात मात्र सांगतात, ‘पोरगा मोठ्या कंपनीत लागला.’

आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक लोडर होता, मोखाड्याकडचाच. पहाटे चारला स्टेज उतरवताना शिडीवरून पडला आणि मनगट मोडले. हार्नेस होते, पण पेटीत. हॉल सहाला रिकामा करून द्यायचा होता. कंपनी म्हणाली, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदाराने मुकादमाकडे बोट दाखवले. त्या रात्रीच्या कागदावर त्याचे नावही नव्हते, नुसते ‘लोडर १२’. दवाखान्याचे बिल आम्ही वर्गणी काढून भरले. २०२० च्या मार्चमध्ये सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा आम्हा पगारदारांना काही महिने अर्धा पगार तरी मिळाला. या मुलांना फोन करायलाही कोणी नव्हते.

आता कोणी म्हणेल, वीटभट्टीपेक्षा तरी बरे ना? बरे आहे, आणि ते मी मनापासून म्हणतो. भट्टीवर कुटुंब उचल घेऊन जाते आणि ती फिटेपर्यंत अडकते. इथे उचल नसते. मुलगा कधीही निघून येऊ शकतो, आणि पावसाळ्यात काम थंडावते म्हणून भातलावणीला घरीही असतो. फक्त दिवाळीनंतर गाव सोडायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हा फेरा तोच राहतो. रविवार तर विसराच. नाताळ आणि ३१ डिसेंबर हे आमच्या धंद्याचे सर्वांत गर्दीचे दिवस. नऊ वर्षांत दोनच नाताळ मी घरी होतो.

मुले मला फोन करतात तेव्हा मी पगार शेवटी विचारतो. आधी विचारतो, नियुक्तीपत्रावर कोणाची सही आहे? पीएफचा यूएएन नंबर मिळाला का? उंचीवर चढायचे असेल तर हार्नेस अंगावर चढवतात का? मुकादम म्हणाला ‘नंतर बघू’, तर मी जाऊ नको म्हणतो.

यंदा दोन मुले विचारायला आली आहेत. एकाने आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे आणि त्याच्या हातात कंपनीचेच पत्र आहे. त्याला मी जा म्हटले. मुंबईत महिनाभर राहण्याची सोय कोणाकडे होत असेल तर कार्यालयात कळवा. दुसऱ्याकडे नुसता मुकादमाचा फोन आहे. तो हुशार आहे, दहावीला गणितात चांगले गुण आहेत, पण घरी पैसा हवा म्हणून निघाला आहे. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा असतो. तेवढी दोन वर्षे त्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च आणि घरी महिन्याला थोडी रक्कम कोण देऊ शकेल, हे मला आज जेवणाआधी सांगा. त्याचे वडील मागच्या रांगेत बसले आहेत.