शिशूंचा फलाहार : अनुभवाचे चार शब्द

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती अशा भारदस्त विषयांवर भाषणे होत आली आहेत. त्या जागी उभे राहून आम्ही केळे कुस्करण्याविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांस हसू येईल. परंतु आज आपल्या घराघरांतून मुलगा व सून दोघेही कामावर जातात आणि तान्हे मूल दिवसभर आजी-आजोबांच्या स्वाधीन असते. वर्गात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसालाही हे काम नव्याने शिकावे लागले. ते शिकताना एक चूक घडली. तीच चूक दुसऱ्या घरी घडू नये, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

प्रथम वेळेविषयी. मूल सहा महिन्यांचे पूर्ण होईतो त्यास आईचे दूध पुरेसे असते. वरचे पाणीदेखील लागत नाही. सहा महिने पूर्ण झाले, मान सावरली, आधाराने बसता येऊ लागले, की वरचे अन्न सुरू करावे. उष्टावणासाठी मुलाचा सम महिना आणि मुलीचा विषम महिना पाहण्याची आपल्याकडे चाल आहे. मुलीसाठी पाचवा महिना घेण्यापेक्षा सातवा घेतल्यास शास्त्र आणि रूढी दोन्ही सांभाळली जातात. कारण सातवा लागला म्हणजे सहा पूर्ण झाले. मुलाच्या मुहूर्तास विलंब असेल तर समारंभ मागाहून करावा, अन्न मात्र थांबवू नये.

आता कृती. हात साबणाने धुवावेत. वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढावा. फळ चिरण्यापूर्वी सबंध धुवावे, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. केळे, पपई, आंबा ही फळे पिकलेली असली म्हणजे शिजविण्याचे कारण नाही. चमच्याने कुस्करली की झाले. चिकूही तसाच, मात्र तो पूर्ण पिकलेला असावा आणि त्याच्या बिया आठवणीने काढाव्यात. सफरचंद किंवा नाशपती यांची गोष्ट निराळी. त्यांची साल व बियांचा गाभा काढून बारीक फोडी कराव्यात आणि मोदकपात्रात दहा-बारा मिनिटे, बोटाने चेपतील इतक्या मऊ होईपर्यंत वाफवाव्यात. मग त्या आपल्या पुरणयंत्रातून फिरवाव्यात. खाली राहिलेले पाणी फेकू नये. गर दाट वाटल्यास तेच घालावे. पेरूही असाच वाफवून बारीक चाळणीतून काढला, की त्याच्या बिया वर राहतात. गर इतका दाट असावा की चमचा तिरपा केला तरी पटकन ओघळू नये. पातळ पाण्याने पोट भरते, बाळाचे पोषण होत नाही.

आरंभी दोन-तीन लहान चमचे पुरेत. एका वेळी एकच नवे फळ द्यावे आणि दोन-तीन दिवस अंगावर पुरळ, उलटी किंवा जुलाब होतात काय ते पाहावे. बाळाच्या उष्ट्या वाटीत उरलेले टाकून द्यावे. न उष्टावलेला गर झाकून शीतपेटीत एक-दोन दिवस राहतो. बर्फाच्या साच्यात गोठविल्यास महिनाभरही चालतो.

साखर, गूळ आणि मीठ यांतले काहीही घालू नये. फळाची गोडी बाळास पुरते. साखर घातलेले शिकरण हे मोठ्यांचे पक्वान्न होय. फळाचा रस काढून देण्यापेक्षा गरच द्यावा. द्राक्षे सबंध कधीही देऊ नयेत, घशात अडकून प्राणावर बेतते. आणि मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नको. बाळाच्या जिभेला मध लावणे ही आपली प्रेमळ जुनी चाल आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ती निरुपद्रवी राहतात, पण तान्ह्याच्या आतड्यांत वाढून विष निर्माण करतात आणि स्नायू लुळे पडतात. आजीचा मान ठेवण्याचे दुसरे शंभर मार्ग आहेत.

इथवर आमचे सारे यथासांग चालले होते. नातीसाठी रोज सकाळी स्वतःच्या हाताने सफरचंद वाफवावे, दुपारी केळे, संध्याकाळी चिकू. गर लोण्यासारखा मऊ व्हावा म्हणून दोन-दोनदा गाळावा. नात आवडीने खाई. सूनबाईंनी एकदोनदा सुचविले, "बाबा, आता डाळ-भातही सुरू करू या." आम्ही म्हणालो, "फळांसारखे सात्त्विक अन्न नाही. शिवाय सफरचंद चिरले की तांबूस पडते, ते त्यातल्या लोहामुळेच!" हे आम्ही वर्गातही आत्मविश्वासाने सांगत आलो होतो.

दहाव्या महिन्यात नात फिकी दिसू लागली. ती लवकर दमे, किरकिर करी आणि भाताचे शीत तोंडात आले की थुंकून टाकी. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली होते. त्यांनी खाण्याचा तपशील विचारला आणि आम्ही अभिमानाने सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांपर्यंत पुरतो. पुढचे लोह अन्नातून यावे लागते, आणि ते या फळांत जवळजवळ नसतेच." सफरचंद तांबूस पडते ते त्यातील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन; लोहाचा तेथे संबंध नाही, हे आम्हांस त्या दिवशी कळले. शंभर ग्रॅम केळ्यात एक मिलिग्रॅमही लोह नसते. त्या दिवशी सूनबाईंच्या नजरेस नजर देणे आम्हांस जड गेले. त्या मात्र एक शब्दही बोलल्या नाहीत.

ही आमच्या एकट्याच्या घरची गोष्ट नव्हे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर बालकांपैकी सदुसष्ट बालकांत रक्त कमी आढळले. ती सारी उपाशी घरची मुले खचित नव्हेत.

मग फळे द्यावीत की नाही? अवश्य द्यावीत, पण मुख्य अन्नाच्या जोडीला. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, शिजवून घोटलेली पालेभाजी. ज्यांच्या घरी चालते त्यांनी शिजवलेले अंडे आणि काटे काढलेला मासाही द्यावा. त्यासोबत पेरू, पपई किंवा संत्र्याचा गर दिल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळींतील लोह अंगी लागते. फळाचे खरे काम हे. उलट चहात बुडविलेले बिस्किट बाळास देऊ नये. चहा लोहास अडवितो. तसेच आठव्या महिन्यापासून गाळणे सोडून जाडसर कुस्करावे, म्हणजे मुलास चावण्याची सवय लागते. वर्षाचे झाले म्हणजे ते आपल्या पंक्तीस बसावे.

डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब आणि सूनबाईंची खिचडी यांनी तीन-चार महिन्यांत नातीच्या गालांवर पुन्हा लाली आली. पुरणयंत्र अजूनही आम्हीच फिरवितो. पण त्यात काय घालावयाचे, ते आता सूनबाई ठरवितात.

उपस्थित आजी-आजोबांस आमची एकच विनंती आहे. आपला अनुभव मोठा आहे, माया त्याहून मोठी आहे. तरीही तरुण आई काही सुचवील तेव्हा ते एकदा ऐकून घ्यावे, आणि शंका असल्यास दोघांनी मिळून डॉक्टरांस विचारावे. आम्ही ऐकले असते, तर त्या लहान जिवाचे चार महिने वाया गेले नसते.