सह्याद्रीच्या माथ्यावरील बेट



बेट म्हटले की चहूबाजूंचे पाणी डोळ्यांसमोर येते. परंतु सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर असलेले कासचे पठार हेही एक बेटच आहे. जांभ्या खडकाचा हा सपाट माथा सभोवतालच्या दऱ्यांनी आणि रानांनी वेगळा पाडला आहे. येथील खडकावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्यात पोषणद्रव्ये इतकी अल्प, की दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती कीटक पकडून आपली उणीव भरून काढतात. डबक्यांतील वायतुरा ही वनस्पती तर शास्त्रीय नावातच साताऱ्याची ओळख मिरवते. टोपली कारवीला फुलण्यासाठी सात वर्षे वाट पाहावी लागते. येथून उखडलेली वनस्पती खालच्या शेतात जाऊन जगेल, अशी आशा व्यर्थ आहे. बेटावरच्या जीवाला दुसरे घर नसते.

२०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील स्थळे केवळ चार : कास, कोयना अभयारण्य, राधानगरी अभयारण्य आणि सांगली जिल्ह्यापर्यंत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान. हा सन्मान अभिमानास्पद खराच. पण सन्मानापाठोपाठ गर्दीही आली. गाडीचे एक चाक किंवा छायाचित्रासाठी फुलांत टाकलेले एक पाऊल ओली माती दाबून टाकते, आणि त्याबरोबर पुढच्या वर्षीचे बीजही.

मग रक्षण करायचे कसे? पहिला उपाय सुचला तो कुंपणाचा. पठारावर जाळी उभी राहिली, गुरे बाहेर राहिली. पुढे मात्र गवत माजून ठेंगणी फुले दबत असल्याची तक्रार झाली आणि जाळी हटविण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्यांची मर्यादित चराई हाही त्या निसर्गाचाच एक भाग होता, हा त्यातला धडा.

अधिक टिकाऊ उपाय गावांकडून आला. कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी वनविभागाच्या साहाय्याने हंगामाची व्यवस्था हाती घेतली. प्रवेशशुल्क, पर्यटकांच्या दैनिक संख्येवर तीन हजारांची मर्यादा, वाहनतळ, मार्गदर्शक आणि राखणदार, ही कामे गावातील तरुण सांभाळू लागले. फुले टिकली तर आपली मिळकत टिकेल, हे ज्याला कळले, त्याच्याइतका जागरूक पहारेकरी कोणता?

चांदोलीची कथा निराळी. तेथे धरण आणि उद्यानासाठी अनेक गावांना आपली घरे, शेते व देवळे सोडावी लागली. आज त्या रानात दिसणारी शांतता विस्थापितांच्या त्यागावर उभी आहे. संरक्षणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विसरून केलेले व्यवस्थापन न्याय्य ठरत नाही.

देवराईतील वाळकी काटकीही घरी न नेण्याचा दंडक सह्याद्रीतील गावांनी शतकानुशतके पाळला. त्यासाठी पहारा लागला नाही. श्रद्धा आणि संयम पुरेसे झाले. तोच संयम शहरातील कुटुंबांनी पठारावर न्यावा. नेमलेल्या वाटेवरून चालावे, उरलेले अन्न आणि प्लास्टिक परत आणावे, मुलांना फूल तोडून देण्याऐवजी त्याचे नाव सांगावे. दर्जा देणारी संस्था दूर आहे; बेट राखणारे हात मात्र येथलेच असावे लागतात.