मनांतील विटाळ
आप्पासाहेब पटवर्धन यांचें जीवन व विचार

सन १९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगांतील एका राजबंद्यानें अधिकाऱ्यांकडे एक विलक्षण मागणी केली. कैद्यानें सवलत मागावी यांत नवल नाहीं. परंतु या गृहस्थानें मागितलें तें, त्या काळच्या भाषेंत ज्याला भंगीकाम म्हणत, तें मैला उचलण्याचें काम. तुरुंगांतील रिवाजाप्रमाणें तें काम ठराविक जातींच्या कैद्यांच्या वांट्याला येई. उच्चवर्णीय कैद्याला तें देतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. तेव्हां त्या राजबंद्यानें आपलें अन्न कमी केलें. येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींना हें समजलें, आणि ३ डिसेंबर १९३२ रोजीं त्यांनींहि सहानुभूतीचा उपवास आरंभिला. या प्रश्नाचा फेरविचार करूं, असें आश्वासन सरकारकडून मिळाल्यावर तो उपवास सुटला.

हा राजबंदी म्हणजे सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन. 'कोकणचे गांधी' या नांवानें महाराष्ट्र त्यांना ओळखतो. गांधीजींच्या आत्मकथेचें मराठी भाषांतर त्यांनींच केलें. त्यांचा जन्म १८९४ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत एका ब्राह्मण कुटुंबांत झाला. तत्त्वज्ञान हा त्यांच्या अध्ययनाचा विषय. पुण्यासारख्या विद्येच्या शहरीं प्राध्यापकीच्या मानाच्या मार्गानें जाणें त्यांना सहज शक्य होतें. तो मार्ग सोडून ते गांधीजींकडे गेले आणि पुढें कोकणांत परतले, ते कायमचेच.

त्यांची तुरुंगांतील मागणी वरवर पाहतां हट्टाची वाटेल. पुणें-करार होऊन तेव्हां दोन-तीन महिनेच झाले होते. अस्पृश्यता हें पाप आहे, असें सांगणारीं व्याख्यानें गांवोगांव होत होतीं. टाळ्या वाजविणाऱ्यांत घरीं परतल्यावर स्नान करणारेहि असत. हे लोक सगळेच ढोंगी होते काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या बुद्धीला नवा विचार पटला होता. हात मात्र जुन्या वळणानेंच मागें येत होता. बुद्धि आणि हात यांच्यामधील हें अंतर कसें तुटावें, हा आप्पासाहेबांचा आयुष्यभराचा प्रश्न होय.

हाच प्रश्न त्यांचा एक समकालीन मनोविश्लेषक, अगदीं निराळ्या परिस्थितींत, जर्मनींत विचारीत होता. एरिक फ्रॉम यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजीं फ्रांकफुर्ट येथें एका धर्मनिष्ठ ज्यू घराण्यांत झाला. हायडेलबर्ग येथें १९२२ सालीं त्यांनीं समाजशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली व त्यानंतर ते मनोविश्लेषणाकडे वळले. १९२९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जर्मन कामगारांना एक लांबलचक प्रश्नावली धाडली. राजकीय प्रश्नांबरोबर घर, मुलांना होणारी शिक्षा, आवडीनिवडी अशा साध्या गोष्टीहि तींत विचारल्या होत्या. उत्तरें तपासतां असें दिसून आलें कीं, समतेच्या पक्षाला मत देणाऱ्या पुष्कळांचा स्वभाव मात्र हुकूम मानण्याचा आणि हुकूम चालविण्याचा होता. मत हें वरच्या थरांत असतें. स्वभाव खोल असतो, आणि संकटाच्या वेळीं माणूस स्वभावाप्रमाणें वागतो. चार वर्षांतच हिटलर सत्तेवर आला. फ्रॉम १९३४ सालीं अमेरिकेस गेले, आणि स्वातंत्र्य मिळालें असतां माणूस त्यालाच भिऊन नव्या धन्याच्या पायांशीं कां जातो, याची मीमांसा त्यांनीं १९४१ च्या 'एस्केप फ्रॉम फ्रीडम' या ग्रंथांत केली.

फ्रॉइडनें मनाचीं मुळें सहजप्रवृत्तींत शोधलीं. फ्रॉम यांनीं त्यांत भर घातली ती अशी कीं, प्रत्येक समाज आपल्या माणसांचा एक सामाईक स्वभाव घडवितो. समाजाला जें काम करून घ्यावयाचें असतें, तेंच करण्याची इच्छा तो माणसांच्या ठिकाणीं निर्माण करतो. जें त्यांनीं करूं नये असें त्याला वाटतें, त्याविषयीं त्यांच्या मनांत भय किंवा किळस उत्पन्न करतो. हें लहानपणीं, घरांतच, न बोलतां घडतें. म्हणूनच तें माणसाला निसर्गसिद्ध वाटतें.

आपल्याकडील विटाळाची कल्पना या दृष्टीनें पाहावी. तान्ह्या बाळाचें मलमूत्र काढतांना आईला किळस येत नाहीं. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या लेकीलाहि येत नाहीं. म्हणजे घाण ही वस्तूच सर्वस्वीं असह्य आहे असें नव्हे. परंतु तीच घाण उचलणारी एक जात ठरविली, कीं घाणीची किळस हळूहळू त्या माणसावर जाऊन बसते. पुढें त्याचे हात स्वच्छ असले तरी त्याची सावली नकोशी होते. आप्पासाहेबांनीं फ्रॉम यांच्यासारखी परिभाषा वापरली नाहीं. त्यांनीं उपाय मात्र नेमका या गांठीवरच केला. ज्या कामामुळें माणूस हलका ठरतो, तें काम 'उच्च' म्हणविणाऱ्यानें स्वतः हातीं घ्यावयाचें, म्हणजे काम आणि जात यांचा संबंध तुटेल आणि करणाऱ्याच्या मनांतला विटाळहि धुऊन निघेल.

मालवणच्या बंदराहून घाटाकडे येऊं लागलें म्हणजे वाटेंत कणकवली लागते. तेथें गडनदीच्या परिसरांत १९४८ सालीं आप्पासाहेबांनीं गोपुरी आश्रम उभारला. आज हा मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्यांत येतो. १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिण भाग होता. येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि जांभ्या दगडाच्या उतरणीवरून मातीचा कस वाहून जातो. भाताच्या तरव्यासाठीं शेतकरी पालापाचोळा भाजून राब करतो. खताची अशी ओढ असलेल्या प्रदेशांत मैला मात्र वाटेवर किंवा ओढ्याकांठीं पडून रोग पसरवी. आप्पासाहेबांनीं या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या. आश्रमांत त्यांनीं संडासाचा एक साधा नमुना सिद्ध केला; तो 'गोपुरी संडास' म्हणून प्रसिद्ध झाला. मैल्यावर माती व पालापाचोळा टाकीत जावयाचें, एक कप्पा भरला कीं तो कुजूं देऊन दुसरा वापरावयाचा, आणि कांहीं महिन्यांनीं त्यांतून सोनखत काढावयाचें. डोक्यावरून पाटी वाहण्याची आवश्यकताच त्यांत उरत नाहीं.

हीच दृष्टि त्यांनीं मेलेल्या गुरांच्या बाबतींत ठेविली. जनावर ओढून नेणें व सोलणें हीं कामें महारांच्या वांट्याला दिलेलीं होतीं, आणि हीं कामें करतात म्हणून त्यांना दूर ठेविलें जात होतें. आप्पासाहेबांनीं सुरी हातांत घेतली व चामडें कमाविण्याचें काम आश्रमांत चालू केलें. सोंवळ्या समाजाला हें रुचणारें नव्हतें, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

या मार्गावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या बांधवांना हीं कामें सोडून देण्यास सांगत होते. गुलामगिरीचें काम पवित्र ठरविल्यानें गुलामगिरी संपत नाहीं, हें त्यांचें म्हणणें अगदीं खरें होतें. ज्या माणसाला काम सोडण्याची मोकळीक आहे त्यानें पाटी उचलणें, आणि ज्याला जन्मानें ती उचलावीच लागते त्यानें उचलणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. आप्पासाहेबांच्या कार्याचें मोल ठरवितांना हा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. तथापि दोन्ही विचार एकमेकांचे शत्रु आहेत असें नाहीं. दलितानें काम सोडलें, तर तें पडून राहील; मग तें करणार कोण? आजवर ज्यांनीं दुसऱ्याकडून करवून घेतलें त्यांनींच, हें आप्पासाहेबांचें उत्तर. दलितांना उपदेश करण्यापेक्षां सवर्णांच्या हातांना वळण लावणें, ही त्यांनीं आपली कामगिरी मानली.

फ्रॉम यांचा मार्गहि अखेरीस कृतीकडेच वळला. १९५० च्या सुमारास ते मेक्सिकोंत राहावयास गेले. तेथील एका खेड्यांत अनेक वर्षें चाललेल्या अभ्यासाचा वृत्तान्त त्यांनीं मायकेल मॅकोबी यांच्यासमवेत १९७० सालीं प्रसिद्ध केला. जुन्या जहागिरी मोडून जमीन मिळाली तरी शेतकऱ्याचा स्वभाव आपोआप बदलत नाहीं, हें तेथें त्यांना दिसलें. १९५६ च्या 'द आर्ट ऑफ लव्हिंग' या पुस्तकांत त्यांनीं प्रेमाची व्याख्या करतांना भावनेच्या उमाळ्यापेक्षां कष्ट, काळजी आणि जबाबदारी यांवर भर दिला. प्रेम ही शिकावयाची व रोज करावयाची गोष्ट आहे, असें ते मानीत. एक चिकित्सालयांतून आणि दुसरा गोपुरीच्या सोनखताच्या खड्ड्यांतून, अशा दोन वाटांनीं हे दोघे जवळजवळ एकाच ठिकाणीं पोंचले.

आप्पासाहेब १० मार्च १९७१ रोजीं निवर्तले. फ्रॉम यांचें १८ मार्च १९८० रोजीं स्वित्झर्लंडमध्यें देहावसान झालें. आप्पासाहेबांचें आत्मचरित्र 'माझी जीवनयात्रा' या नांवानें प्रसिद्ध आहे.

अस्पृश्यता १९५० च्या राज्यघटनेनें नष्ट केली. हातांनीं मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ सालीं एक कायदा झाला, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला. त्यानंतरहि गटारांत उतरून माणसें गुदमरून मेल्याच्या वार्ता येतच आहेत, आणि मरणाऱ्यांत बहुतेक त्याच जातींचे असतात. कायदा दुबळा आहे म्हणूनच केवळ असें होतें काय? ज्या घराचें पाणी त्या गटारांत जातें, त्या घराला आंत उतरणाऱ्याचें नांवहि ठाऊक नसतें. शहरांतील नळाच्या संडासानें घाण दृष्टीआड केली, आणि तिच्याबरोबर माणूसहि दृष्टीआड झाला. सुशिक्षित कुटुंबांत आज विटाळ हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाहीं. परंतु केर नेणाऱ्या माणसाचा पेला निराळा ठेवलेला असतो, आणि तो निराळा कां, हें घरांतील मूल न विचारतांच शिकतें. आप्पासाहेबांनीं तुरुंगांत मागितलेलें काम त्या पेल्यापासून सुरू होतें.