तार पोहोचली, सेवा कधी पोहोचणार?



२०२० साली शाळांना टाळी लागली आणि शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. त्या पावसाळ्यात कोकणातील व सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांची मुले सिग्नलच्या शोधात टेकडीवर जाऊन अभ्यासाला बसत होती. त्यांच्या जिद्दीचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यही होते. परंतु ही वेळ त्यांच्यावर का आली, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याचा निर्णय तर नऊ वर्षांपूर्वीच झाला होता!

२५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन संपुआ सरकारने या योजनेस मान्यता दिली. अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे वीस हजार कोटी रुपयांचा खर्च आणि दोन वर्षांची मुदत असा तो संकल्प होता. त्यासाठी निधीही होता. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून, म्हणजे अखेर ग्राहकांच्याच खिशातून, तो जमा होत होता. भारत संचार निगम, रेलटेल आणि पॉवर ग्रिड या तीन सरकारी उपक्रमांकडे काम सोपविण्यात आले. २०१४ मध्ये ते सरकार पायउतार झाले, तेव्हा अंथरलेली तार अवघी काहीशे किलोमीटर होती.

येथे थांबून सारा दोष एका पक्षाच्या माथी मारणे सोयीचे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. योजनेचे 'भारतनेट' असे नामकरण झाले, कामास वेग आला आणि डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे घोषित झाले. उरलेल्यांसाठी मार्च २०१९ ही मुदत ठरली, ती टळली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून एक हजार दिवसांत सहा लाख गावे जोडण्याचे वचन दिले गेले. ते दिवस मे २०२३ मध्ये संपले. मधल्या काळात, जून २०२१ मध्ये सोळा राज्यांत खासगी भागीदारीचा निर्णय झाला. परंतु निविदांना अपेक्षित प्रतिसादच मिळाला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला.

सरकारे बदलूनही विलंब का टिकला? त्याचे एक मोठे कारण कंत्राटाच्या रचनेतच आहे. तार किती किलोमीटर टाकली, यंत्र कोठे बसविले, याची मोजदाद होत राहिली. ते यंत्र सहा महिन्यांनी चालू आहे काय, याची जबाबदारी मात्र कोणाकडे ठामपणे राहिली नाही. तालुक्यापासून गावापर्यंतचे जाळे बहुतांशी एकाच रेषेत होते. रस्तारुंदीकरणात जेसीबीने ती तार एके ठिकाणी तोडली, की पुढची सारी गावे अंधारात. तशात ग्रामपंचायतीची वीज गेली, बॅटरी संपली, की यंत्र मुके. कागदावर मात्र ते गाव 'सेवेस सज्ज'! दाखल्यासाठी आलेला शेतकरी 'नेट नाही' हे उत्तर ऐकून, दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याचा रस्ता धरतो. त्याचा तो दिवस कोणत्याही प्रगती अहवालात नोंदला जात नाही.

सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जाळे आहे. एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी, ही त्यामागील योजना. उभारणाऱ्यानेच पुढील दहा वर्षे देखभाल करावी, अशी अटही आहे. ही दुरुस्ती स्वागतार्हच होय. पण ती सुचायला बारा वर्षे का लागली, याचा जाब सत्तेवर कोणीही असो, द्यावाच लागेल.

कार्यकर्त्यांसाठी येथे एक साधे काम आहे. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. आपल्या ग्रामपंचायतीतील यंत्र आज चालू आहे काय? गेल्या महिन्यात ते किती दिवस बंद होते? त्या बंद दिवसांबद्दल कंत्राटदाराच्या देयकातून कपात झाली काय? उत्तरे लेखी मागावीत. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे प्रश्न टाळू नयेत. टेकडीवर बसलेल्या मुलांनी सरकार कोणाचे, हे विचारले नव्हते.