कामगाराची शिदोरी

(पिंपरी-चिंचवड परिसरातील निवृत्त कामगारांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



 मनात संकोच आहे. मी लेखणी चालविणारा माणूस. माझ्या हाताला यंत्राच्या तेलाचा डाग कधी लागला नाही. मात्र माझे बालपण ज्या घरात गेले, त्या घराचे घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चाले. वडील एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. त्यांची पहिली पाळी असली की आई पहाटे चारला उठून डबा करी. रात्रपाळी असली की दिवसा आम्हां भावंडांना कुजबुजत खेळावे लागे. नोकरी एकट्या वडिलांची. पाळी मात्र साऱ्या घराला लागलेली असे. म्हणूनच आजचा गौरव येथे बसलेल्या भगिनींचाही आहे, असे मी मानतो.

या परिसराचा इतिहास आपण मंडळींनी घडविला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने येथल्या माळरानावर आले. १९७२ च्या दुष्काळात शेती करपली, तेव्हा सातारा, सोलापूर, मराठवाडा या भागांतील कित्येक तरुण वळकटी घेऊन याच रस्त्याने आले. पाऊस पाहून पेरणी करणारा हात मायक्रोमीटर धरू लागला. पुस्तकांत या स्थित्यंतराला औद्योगिकीकरण म्हणतात. ते पुस्तकात एका ओळीत मावते. माणसाच्या हातांत उतरायला मात्र वर्षे लागतात.

ते कसे उतरते, हे मी घरी पाहिले आहे. मोठेपणी मी वडिलांना विचारले, "टूल बोथट झाले, हे तुम्हांला कसे कळते?" ते म्हणाले, "आवाज बदलतो." मी म्हटले, "मला तर काहीच वेगळे ऐकू येत नाही." त्यावर ते हसून म्हणाले, "पहिली पाच वर्षे मलाही येत नव्हते." आपल्या डोक्यावरचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याहून बारीक फरक सांभाळत हा माणूस तीस वर्षे उभा होता. पगाराच्या चिठ्ठीवर त्याची नोंद कोठेही नव्हती.

अशी नोंद नसली म्हणजे काय होते, याचा एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारचे काका एका फाउंड्रीत मोल्डर होते. बिडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. साच्याच्या वाळूत ओल अधिक राहिली, तर तिची वाफ होते आणि ओतिवात पोकळ्या राहतात. एका पावसाळी रात्री काकांनी वाळू मुठीत दाबून पाहिली आणि ती फार ओली असल्याचे वरिष्ठांना सांगितले. उत्तर मिळाले, "काका, उद्दिष्ट पूर्ण करायचे आहे, तुम्ही ओता." त्यांनी ओतले. आठ दिवसांनी यंत्रशाळेतून तो सारा माल नाकारून परत आला. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले होते, "कामगाराचा निष्काळजीपणा". काका त्यानंतर पंधरा वर्षे नोकरीत होते. पण वाळूविषयी त्यांनी पुन्हा कोणाला काही सांगितले नाही. त्या कारखान्याने गमावलेला माल पुढच्या महिन्यात भरून निघाला असेल. काकांचे मौन मात्र भरून निघाले नाही.

याउलट, कामगार हा माणूस आहे हे ओळखून चालणारे उद्योगही याच देशात झाले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली सुरू झाला. भविष्य निर्वाह निधी आणि पगारी रजा १९२० साली आली, प्रसूतिकाळातील साहाय्य १९२८ साली आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, १९३७ साली. उपदानाचा कायदा देशात व्हायला १९७२ साल उजाडले. तथापि, हे सारे आपोआप मिळाले, अशी समजूत नको. त्याच जमशेदपुरात १९२० आणि १९२८ साली मोठे संप झाले. दुसऱ्या संपात सुभाषचंद्र बोस यांनी मध्यस्थी केली आणि पुढे काही वर्षे तेथील कामगार संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. मालकाची दृष्टी आणि कामगाराचा स्वाभिमान, दोन्ही जागे राहिले तेव्हाच तो कारखाना आणि ते नगर टिकले.

आता आपल्या अंगणातले पाहू. २००७ साली आकुर्डीतील दुचाकींचे उत्पादन थांबले. पुढे २०२२ साली त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. उद्योगाने कूस बदलली, हे योग्यच आहे. काळाबरोबर न बदलणारा कारखाना कामगारालाही जगवू शकत नाही. पण या परिसरात गेल्या तीस वर्षांत ठिकठिकाणी स्वेच्छानिवृत्ती आली, तेव्हा माणसांबरोबर त्यांची शिदोरीही फाटकाबाहेर गेली. माझे वडील बावन्नाव्या वर्षी असेच घरी आले. धनादेश मिळाला, श्रीफळ मिळाले. "तुमच्याजवळचे काही कोणाला शिकवून जाता का?" असे मात्र कोणी विचारले नाही. पुढले कित्येक महिने ते पहाटे उठून, आवरून, ओट्यावर बसून राहत.

अखेर गल्लीतला आयटीआयचा एक मुलगा त्यांच्याकडे येऊ लागला. वडील त्याला टूलला धार लावायला शिकवीत. तो मुलगा हुशार निघाला. पण त्याला काम मिळाले ते कंत्राटदाराकडून, सात महिन्यांचे. जुन्या कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला महत्त्व होते, म्हणून तेवढे दिवस भरू न देण्याची रीत पडली. सात महिन्यांनी तो दुसऱ्या कारखान्यात, मग तिसऱ्या. कायम कामगाराच्या शेजारी उभा राहून तेच काम. पगार निम्म्याहून कमी. आवाजातला बदल ऐकू यायला पाच वर्षे लागतात, बंधूंनो. सात महिन्यांत कान तयार होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे, ठरावीक मुदतीच्या कामगारालाही वर्षभराच्या सेवेनंतर उपदान मिळावे, अशा तरतुदी त्यांत आहेत. त्या कागदावर न राहता अमलात याव्यात, यासाठी संघटनांनी जागरूक राहिले पाहिजे. परंतु कायदा पत्र देऊ शकतो. मुठीत दाबलेल्या वाळूवर विश्वास ठेवायला तो वरिष्ठांना शिकवू शकत नाही. ते काम संस्कारांचे आहे.

येथे काही अधिकारी मित्र आहेत. त्यांना माझी नम्र विनंती आहे. यंत्रापाशी उभा असलेला माणूस काही सांगू लागला, तर दोन मिनिटे थांबून ऐका. तो चुकतही असेल. पण ऐकले गेले असेल, तर तो उद्या पुन्हा सांगेल.

आणि ज्येष्ठांनो, आपल्याला एवढेच सांगणे आहे की शिदोरी बांधून ठेवू नका. जवळच्या आयटीआयमध्ये आठवड्यातून एक दिवस जा. गल्लीतल्या मुलाला ओट्यावर बोलवा. वडील गेले त्याला आता सहा वर्षे झाली. तेराव्या दिवशी तो मुलगा कामावरून थेट आमच्या घरी आला होता. वडिलांच्या तसबिरीपुढे त्याने फूल वाहिले आणि मला हळूच म्हणाला, "दादा, मला आता आवाज ऐकू येतो."

माझ्या वडिलांच्या तीस वर्षांच्या नोकरीचे याहून मोठे प्रमाणपत्र मला ठाऊक नाही.